ज्यानं केलं, त्यानंच उडवायचं

विमानांच्या शर्यतीचे नियम आमच्या हिंगोलीच्या घराच्या ओट्यावर ठरले, असं मी सांगायला लागले की माझी नातवंडं एकमेकांकडे बघतात. आजी आता काहीही बोलून राहिली, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसतं. हसा म्हणावं खुशाल. नियम ठरले ते ठरलेच, आणि त्यातला एक नियम माझ्या हातातल्या पातेल्यामुळे पास झाला, हेही तितकंच खरं.

विमानं म्हणजे खेळातली हो, हात-दीड हात लांब. काड्यांचा सांगाडा, त्यावर पतंगाचा कागद, पोटाखाली रबराची पट्टी. पुढचा पंखा बोटानं फिरवत राहायचा, रबराला पीळ बसतो, आणि सोडलं की पीळ उलगडेपर्यंत विमान आपलं आपण उडतं. पण जीव एवढासा. बाहेर सोडलं तर वाऱ्याची एक झुळूक त्याला नेऊन बाभळीवर टांगते. म्हणून ते बंद जागेत, दारं लावून उडवायचं.

हे वेड गावात आणलं फिटरचाचांनी. आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांचं घर. जर्मन-जपानच्या लढाईत ते विमानांच्या पलटणीत फिटर म्हणून गेले होते, लढाई संपली तसे परत आले. तिथं कामाला खाडा असला की गोरे साहेब विमानांच्या मोठ्या शेडमध्ये ही रबराची विमानं उडवून पैजा मारत. तसलंच एक मोडकं विमान चाचांनी येताना कपड्यांत गुंडाळून आणलं होतं. ते दुरुस्त करून त्यांनी आमच्या अंगणात सोडलं, आणि गल्लीतली पोरं खुळी झाली. मिसरूड फुटलेली पोरंसुद्धा. दुकानं सोडून सायकलीच्या जुन्या ट्यूबा मागत हिंडायला लागली.

उडवायला मोठी जागा पाहिजे, आणि ती होती फक्त आबांकडे. आबा म्हणजे माझे वडील, जिनिंगमध्ये गोदामाचे कारकून. सुगीपासून ते गोदाम कापसाच्या गाठींनी छतापर्यंत भरायचं आणि उन्हाळ्यात सगळं मोकळं व्हायचं. उंच टिनाचं छप्पर, त्याला तोलून धरणाऱ्या लोखंडी दांड्यांच्या कैच्या, खाली गुळगुळीत फरशी. किल्ली आबांच्या करदोड्याला. आबा भयंकर शिस्तीचे. 'नियम म्हंजे नियम' हे आमच्या घरात इतक्या वेळा ऐकू यायचं की पोपट पाळला असता तर तोही तेच बोलला असता. चाचांनी गोदाम मागितलं तेव्हा आबा म्हणाले, "देतो की. पण धांगडधिंगा चालायचा न्हाई. रीतसर शर्यत व्हईल, अन् नियम आधी ठरतील."

आता माझं सांगते. मी तेव्हा सोळाव्यात होते. शाळा चौथीनंतर सुटलेली. घरात पाणी भरणं, रांधणं, आणि एकीकडे स्थळं बघणं सुरू. भाऊ माझ्याहून थोडा मोठा. चाचांकडे शिकायला जायचा तो, आणि घरी विमान करायचे ते मी. कारण भावाचे हात! देवानं इतका चांगला माणूस घडवला आणि हात मात्र घाईघाईत लावले. काडी हातात घेतली की मोडलीच. डिंक कागदाला कमी आणि लेंग्याला जास्त.

माझं तसं नव्हतं. लहानपणी सुगीत डोंगरकड्याला मामाकडे गेलं की आम्ही लेकरं ज्वारीच्या ताटांच्या बैलगाड्या करायचो. ताट म्हणजे ज्वारीचा वाळलेला दांडा. त्याची वरची साल नखानं सोलली की चोय निघते, टणक आणि लवचिक. आत राहतो तो भेंड, पांढरा आणि फुलासारखा हलका. भेंडात चोय खुपसली की झाला जोड, ना खिळा ना दोरा. आमच्याकडच्या कुठल्याही लेकराला हे येतं. चाचांचं ते परदेशी विमान मी एकदा हातात घेऊन बघितलं, तर त्याचं लाकूड आपल्या भेंडासारखंच हलकं. म्हटलं, अगं बाई, एवढ्यासाठी सातासमुद्रापार कशाला जायचं? गोठ्यात कडबा रचलाय की!

मग धान्याच्या कणग्यांमागं बसून मी करायला लागले. पहिलं मोडलं. दुसरं नाकावर आपटलं. त्याच्या पुढचं मात्र असं उडालं, असं उडालं, की भाऊ तोंड उघडं टाकून बघतच राहिला. मायला सगळं माहीत होतं, कागद चिकटवायची खळ तीच शिजवून द्यायची. आबांना कुणी काही सांगितलं नाही. आबांना वाटायचं पोरगं करून राहिलंय.

सगळ्या गावालाच तसं वाटायचं. भाऊ अंगणात विमान सोडायचा आणि लोक म्हणायचे, "काय हात हाय पोराचा!" भाऊ बिचारा खाली मान घालायचा, आणि आत माझ्या जिवाची नुसती लाही व्हायची. मला बक्षीस नको होतं. मला माझं विमान माझ्या हातानं सोडायचं होतं, त्या मोठ्या गोदामात, सगळ्यांच्या समोर. एकदाच. मग खुशाल लग्न लावून द्या म्हटलं कुठंही. मुलींनी उडवू नये असं कुणी म्हणत होतं का? छे! तसं म्हणायचीसुद्धा कुणाला गरज वाटली नव्हती, आणि त्याचाच मला जास्त राग होता.

नियमांची बैठक आमच्या ओट्यावर बसली. मधोमध आबा, एका बाजूला फिटरचाचा, दुसऱ्या बाजूला सोनारकाका. सोनारकाकांना बोलावलं होतं त्यांच्या काट्यासाठी. एवढी हलकी वस्तू तोलणारा काटा दुसऱ्या कुणाकडे असणार? समोर उडवणारी पोरं, त्यात आमचा भाऊ. ओट्याला लागूनच स्वयंपाकघराची खिडकी, आणि खिडकीआड मी, चहा करायच्या निमित्तानं. भावाचं नि माझं आधीच ठरलं होतं. मला एखादा नियम पटला नाही की मी पातेलं आपटणार, आणि भाऊ 'न्हाई' म्हणणार. बांगड्या वाजल्या की 'व्हय'.

पहिलाच वाद कडब्याचा. सोनारकाका म्हणाले, "सांगाडा बांबूचाच पायजे. ह्या पोराचं कडब्याचं विमान हाय म्हणं! कडब्याचं कुठं विमान असतंय का? शर्यतीच्या आधीच बैल खाऊन टाकंल."

सगळे खो खो हसले. मी पातेलं असं आपटलं की चुलीपाशी बसलेलं मांजर उडालं.

"न्हाई," भाऊ म्हणाला. मग पुढं काय बोलावं त्याला सुचेना. त्यानं खिडकीकडे बघितलं. मी दातओठ खात पुटपुटले, तेच त्यानं मोठ्यानं म्हटलं, "बांबू तरी काय आभाळातून पडतो? जे आपल्या शिवारात उगवतं ते चालायला पायजे. विकत आणलेलं परदेशी लाकूड नको, म्हंजे सगळे बराबर."

चाचांनी मांडीवर थाप मारली. "बात तो पते की बोल रहा छोरा!" आबांनीही मान हलवली. कडबा पास झाला. मी बांगड्या जरा जास्तच वाजवल्या.

मग वजन. पोरांचं म्हणणं, जितकं हलकं तितकं चांगलं, मर्यादा कशाला? चाचा म्हणाले, नक्को, तसं केलं तर सगळे सोलून सोलून इतकं बारीक करतील की हात लावला की मोडेल, आणि शर्यत उडवण्याची न राहता सोलण्याची होईल. यावर जे जुंपलं! सोनारकाकांनी गुंजा, मासे, तोळे असं सगळं काढलं, दोन पोरं रुसून ओट्याखाली उतरली, त्यांना परत बोलावलं. शेवटी ठरलं, विमान तोळ्याच्या खाली नको. कमी भरलं तर नाकावर वजन चिकटवायचं. मला ते पटलं, मी गप्प बसले. रबर सायकलच्या ट्यूबचंच, त्याला तेल लावायचं तर एरंडेलच लावायचं, दुसऱ्या तेलानं ते सडतं. ज्याचं विमान जास्त वेळ हवेत राहील तो पहिला, आणि छताच्या कैचीत अडकलं तर अडकेपर्यंतचा वेळ धरायचा. हे सगळं चाचांनी सांगितलं, त्यावर कुणी भांडलं नाही.

चहा झाला. लोक उठायच्या बेतात होते, तेवढ्यात आबांनी घसा साफ केला.

"अजून एक हाय," ते म्हणाले. "माझ्या कानावर आलंय की काही पोरं सुतारांकडून विमानं करून घेऊन राहिली." असं म्हणून त्यांनी एका जमीनदाराच्या पोराकडे बघितलं. ते पोरगं पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागलं. "दुसऱ्याच्या हातचं आणून मिरवणारा आपल्याला नको. ज्यानं केलं, त्यानंच उडवायचं. अन् मोडलं तर त्यानंच, तिथंच, सगळ्यांसमोर दुरुस्त करायचं. म्हंजे कळंल कुणाचे हात हायेत ते. काय म्हणता?"

माझ्या हातात पातेलं होतं. भावानं खिडकीकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडलेला.

किती गोष्टी एकदम डोक्यात आल्या! आपटलं असतं तर भाऊ 'न्हाई' म्हणाला असता, चार पोरं त्याच्या मागं बोलली असती, आणि नियम कदाचित बारगळलाही असता. मग माझं विमान भावाच्या हातून सुखानं उडालं असतं. आणि न आपटावं, तर एक तर ते बाद होणार, नाहीतर मला सगळ्या गावासमोर उभं राहावं लागणार. आबांसमोर! पण आबा म्हणत होते ते माझ्याच मनातलं होतं की हो. ज्याचे हात त्याचं विमान. हेच तर मी कणग्यांमागं बसून रोज मनात म्हणत होते. त्याला मी 'न्हाई' कशी म्हणू?

मी पातेलं खाली ठेवलं. आवाज होणार नाही असं, दोन्ही हातांनी.

भावानं पातेल्याची वाट बघितली. मग म्हणाला, "बराबर हाय."

दुसऱ्या दिवशी मी विहिरीवर पाणी शेंदत होते तर हा तिथं हजर. "काहून वाजवलं न्हाईस?" म्हणाला. "आता माझी फजिती व्हईल."

"मग शिक करायला," मी म्हटलं.

त्यानं खरंच प्रयत्न केला. दुपारभर बसला माझ्याजवळ. त्यानं केलेलं पाख, म्हणजे विमानाचा पंख, बघून मायनं पदर तोंडात कोंबला, इतकं हसू आलं तिला. शेवटी भावानं ते भेंडाचे तुकडे खाली ठेवले आणि म्हणाला, "तूच ये माझ्यासंगं. मी आबांना सांगतो." सांगतो म्हणाला खरा. पण आबा जेवायला बसले की हा मुकाट भाकरी मोडायला लागायचा. सकाळी सांगतो, संध्याकाळी सांगतो, असं करता करता शर्यतीचा दिवस उजाडला. मला त्याचा राग आला आणि कीवही आली. मला तरी कुठं धीर झाला होता आबांसमोर बोलायचा?

गोदामाला त्या दिवशी आबांनी सडा घालून घेतला होता. वैशाखाचं ऊन टिनावर तापत होतं. एका भिंतीला बाया, रिकाम्या पोत्यांवर बसलेल्या, त्यात माय आणि मी. समोरच्या भिंतीला पुरुष. मधे फरशीवर एका रांगेत विमानं, नारंगी, निळी, हिरवी. माझं पांढरं. पांढरा कागदच तेवढा वसमतहून मिळाला होता. सोनारकाकांनी काट्यावर एकेक तोललं. माझं तोळ्याला जरा कमी भरलं, तेव्हा त्यांनी लाख लावून नाकावर गुंजा चिकटवल्या. लाल गुंजा, काळे ठिपके. विमानाला डोळे आल्यासारखं दिसायला लागलं. "दिसतंय तर झ्याक," काका म्हणाले. कडब्याचं म्हणून हसले होते, ते विसरले वाटतं.

चाचा दारं लावायला गेले. आणि आबांना आठवलं की पूजा राहिली.

हे कसं समजावून सांगू? नवं औत असो की नवं मशीन, कुंकू लागल्याशिवाय आमच्याकडे त्याला कुणी हात लावत नाही. जिनिंगच्या चाकांना दरसाल दसऱ्याला आबाच कुंकू लावायचे, आणि ते चिमूटभर नाही, चांगलं पाण्यात कालवून, बोटं बुडवून, वर अक्षता. मी ताम्हनातलं ओलं कुंकू बघितलं आणि मला तो पतंगाचा कागद आठवला. पण आबा पूजा करत असताना बायांच्या भिंतीवरून ओरडायची कुणाची छाती? आबा रांगेनं चालले. प्रत्येक विमानाच्या नाकावर एक बोट, दोन्ही पाखांवर एकेक बोट, अक्षता. मोठ्या भक्तिभावानं. सगळ्यांनी हात जोडले.

चाचा वळले आणि किंचाळलेच, "अरे, पानी! कागद कू पानी लगा दिया!"

तोवर रांग संपली होती. कुंकू लागलं तिथं पतंगाचा कागद भिजून लोंबला, आणि त्या उकाड्यात लगेच वाळत वाळत आवळला. एका जागी ढिला, एका जागी ताण. बघता बघता सगळ्यांची पाखं पिळली. कुणाचं वर, कुणाचं खाली. आबा हातात ताम्हन घेऊन उभे. एवढा शिस्तीचा माणूस, त्या वेळी त्यांचं तोंड बघवत नव्हतं.

"घाबरायचं न्हाई," चाचा म्हणाले. "आबासाहेबांचाच नियम है. ज्यानं केलं, त्यानं दुरुस्त करायचं. बैठो, सब बैठो."

पोरं फरशीवर बसली आणि कामाला लागली. कुणी कागद काढून नवा लावत होतं, कुणी ठिगळ देत होतं. जमीनदाराचं पोरगं मात्र आपल्या देखण्या विमानाकडे बघत नुसतंच बसलं. कागद कुठून सोडवायचा हेच त्याला कळेना. आबा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. "बाद," म्हणाले. पोरगं उठलं आणि गेलं.

मग आबा वळले तर भाऊही तसाच बसलेला. हात मांडीवर.

"काहून बसून राहिला?" आबा म्हणाले. "कर की."

भाऊ उठून उभा राहिला. त्यानं आबांकडे सरळ बघितलं. आवाजही पडू दिला नाही. ते मी जन्मभर विसरणार नाही. "आबा, हे म्या केलं न्हाई," तो म्हणाला. "हिनं केलंय." आणि त्यानं सरळ माझ्याकडे बोट केलं.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मला वाटलं धरणी दुभंगावी. आबा माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत राग आहे की काय आहे ते मला कळेना. सोनारकाका पुढं झाले आणि हळूच म्हणाले, "राहू द्या हो. पोरीबाळीचं काय इथं? बाद करा अन् पुढं चला."

"क्यों बाद?" चाचा म्हणाले. "नियम में छोरा लिखा क्या?"

आबांनी हातातलं ताम्हन खाली ठेवलं. नियम त्यांचाच होता. आताच त्यांनी त्याच नियमानं एका पोराला उठवलं होतं, आणि तेही मोठ्या घरच्या.

"न्हाई," शेवटी ते म्हणाले. "छोरा असं न्हाई ठरलं." मग माझ्याकडे न बघता, "उठ. ये अशी."

मला उठवेना. मायनं पाठीत असा गुद्दा घातला की बास! "जा की भवाने," ती कुजबुजली, "रोज तर कणग्यामागं लई बोलत व्हतीस."

मी गेले. विमानासमोर बसले आणि पाख हातात घेतलं, आणि काय सांगू, हात लागताच भीती गेली. लोकबिक कुणी नव्हतंच तिथं. पाण्यानं जे बिघडलं होतं ते पाण्यानंच सुधारणार होतं, कारण ओल एका ठिकाणी होती म्हणून पीळ होता. सगळ्या पाखाला सारखी ओल दिली की कागद वाळताना सगळीकडून सारखा आवळणार. मी तांब्यातलं पाणी तोंडात घेतलं आणि परीट कपड्यावर मारतो तसा बारीक फवारा दोन्ही पाखांवर मारला.

"अगं बया! आणखी पाणी!" बायांतून कुणीतरी ओरडलं.

आबांनी हात वर केला. सगळे गप्प झाले. मी हातातल्या बांगड्या काढल्या आणि पाख फरशीवर सपाट धरून कडेकडेनं ठेवल्या, वाळताना ते उचलू नये म्हणून. कुंकू विरघळून सगळीकडे पसरलं, आणि माझं पांढरं विमान गुलाबी झालं. उकाडा कामाला आला. थोड्या वेळात मी बोटानं टिचकी मारून बघितलं, कागद डफासारखा वाजला.

माझी पाळी आली. मी पंखा फिरवला, फिरवला, रबराला गाठी पडेपर्यंत फिरवला. चाचांनी मनगटावरचं घड्याळ पुढं धरलं. आणि मी सोडलं.

ढकललं नाही, नुसतं सोडलं. ते माझ्या हातावरून निघालं आणि मोठी गोल फेरी घेत वर चढायला लागलं. आवाज नाही. पंखा इतका हळू फिरत होता की पाती दिसत होती. एक फेरी बायांवरून, एक पुरुषांवरून, आणि दर फेरीला थोडं वर. लेकरं बोट दाखवत होती. भाऊ तर रडायलाच लागला येडा. आणि मी? मी हसत होते. तोंडावर हात घ्यायचंसुद्धा भान नव्हतं. मी केलं, मी सोडलं, आणि ते उडून राहिलं होतं!

मग ते वर गेलं ते गेलंच, आणि कैचीच्या दोन लोखंडी दांड्यांमधे जाऊन अडकलं.

पहिला नंबर एका दुसऱ्याच पोराचा आला. मी दुसरी की तिसरी, यावर भावाचं नि माझं म्हातारपणापर्यंत भांडण चालू होतं. पण ते जाऊ द्या. आबा घरी आले, जेवले, झोपले. एक अक्षर बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. उन्हाळा गेला, पेरण्या झाल्या, आबा माझ्याशी बोलत ते मीठ दे नि पाणी दे एवढंच. अहो, शाबासकी राहू द्या, निदान चांगली शिवी तरी द्यावी! मी मायपाशी चिडचिड करायचे. माय म्हणायची, "त्यांच्या मनात काय हाय ते त्यांनाच ठावं." भावानं शिडी नेली, पण त्या उंचीला शिडी पुरेना. विमान तसंच छपराला राहिलं. गोदामाच्या दारावरून गेलं की मला ते गुलाबी टोक तेवढं दिसायचं.

दिवाळीनंतर कापूस आला. जिनिंगची चाकं सुरू झाली आणि गोदामात गाठी रचायला लागल्या, एकीवर एक. मला वाटलं, गेलं आता. हमाल वरची थप्पी लावताना झाडून टाकतील त्याला.

एका भर दुपारी मी भाकरी थापत होते. त्या वेळी आबा कधी घरी यायचे नाहीत. दारात सावली पडली म्हणून बघितलं तर आबा, आणि उघड्या डोक्यानं! रुमाल बांधल्याशिवाय हा माणूस कधी ओट्यावरसुद्धा आला नव्हता, आणि आज भर बाजारातून तसा चालत आला होता. डोक्याला, मिशांना कापूस लागलेला, गुडघ्याला खरचटलेलं. गाठींच्या थप्प्या कैचीपर्यंत पोचल्या तसे ते स्वतः वर चढले होते. डोक्याचा रुमाल त्यांनी दोन्ही हातांवर पसरून धरला होता, आणि त्यात माझं विमान होतं.

ते खाली बसले. रुमाल माझ्यासमोर फरशीवर ठेवला, अगदी जपून. माझे हात पिठाचे.

"डाव्या पाखाचा कागद फाटलाय," आबा म्हणाले. "उंदरानं कुरतडला असंल. म्या हात लावला न्हाई." मग मिशांचा कापूस झटकत, "ज्यानं केलं त्यानंच दुरुस्त करायचं. नियम हाय."

मी मान हलवली. ते उठले, दारापर्यंत गेले आणि तिथंच थांबले.

"करून ठेव," माझ्याकडे पाठ करूनच ते म्हणाले. "उन्हाळ्यात लागंल."